बरीराचा नकार

नवरा-बायकोचं भांडण उंबऱ्याबाहेर आलं की मोहल्ल्यात पहिला शब्द ऐकू येतो तो ‘समझोता’. कोर्टकचेरी नको, पोलीस नको, चार माणसं बसवू आणि मिटवून टाकू. या इच्छेत वावगं काही नाही. पोटगीचा अर्ज टाकलेल्या बाईला तारखेमागून तारीख मिळते. प्रत्येक तारखेला एसटीचं भाडं जातं, वकिलाची फी जाते आणि दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. बाहेरच्या बाहेर मिटत असेल तर कुणाला नको आहे?

सरकारलाही हेच हवं आहे. १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि लोकअदालतींना कायद्याचा आधार मिळाला. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ जुलै २००२ पासून लागू झालं आणि चालू दावे मध्यस्थीकडे पाठवण्याची वाट न्यायालयांना मोकळी झाली. २०२३ मध्ये तर संसदेने मध्यस्थीसाठी स्वतंत्र कायदाच केला. म्हणजे जे काम आपल्या जमाती, बिरादऱ्या आणि मोहल्ल्यातली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या करत आली, त्याकडे आता देशाची न्यायव्यवस्थाही आशेने पाहते आहे.

प्रश्न एवढाच आहे की आपण ज्याला समझोता म्हणतो, ती खरोखर मध्यस्थी असते का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या बैठकीत दुबळ्या बाजूला ‘नाही’ म्हणून उठून जाता येत नाही, तिला मध्यस्थी म्हणता येणार नाही. मग तिथे कितीही बुजुर्ग बसलेले असोत आणि बैठकीची सुरुवात तिलावतने झालेली असो. ही कसोटी मी कुठल्या परदेशी पुस्तकातून उचललेली नाही. ती आपल्याच दीनी परंपरेत आहे आणि आपण ती बाजूला ठेवून दिली आहे.

शब्दांची गल्लत

आधी थोडं शब्दांविषयी, कारण इथेच सगळा घोळ होतो. न्यायाधीश निकाल देतो आणि तो मानावाच लागतो. लवाद दोन्ही बाजूंनी मान्य केलेला असतो, पण शेवटी तोही निवाडाच देतो. लोकअदालतीत तडजोड झाली की तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ मिळतं आणि तिच्यावर अपील करता येत नाही. मध्यस्थ मात्र काहीच ठरवत नाही. तो दोघांना बोलतं करतो, ऐकायला लावतो, पर्याय पुढे ठेवतो. ठरवतात ते भांडणारे दोघं. ठरलं नाही तर प्रत्येकाला आपला न्यायालयाचा रस्ता खुला असतो.

आपल्या बैठकीत या सगळ्यांची खिचडी होते. सुरुवात मध्यस्थीने होते, मधेच कुणीतरी काझी होतो, शेवटी फैसला सुनावला जातो आणि वर त्याला ‘दोघांच्या मर्जीने झालेला समझोता’ असं नाव दिलं जातं. फैसला मान्य नसेल तर काय, हा प्रश्न बाईने विचारायचा नसतो.

लिहिता येतं म्हणून अशा काही बैठकांत कागद लिहायला मला बोलावलं गेलं आहे. चित्र बहुतेक सारखंच असतं. दिवाणखान्यात सतरंजीवर किंवा खुर्च्यांवर दहा-बारा पुरुष. मुलाचा बाप, मुलाचे चाचा, मुलीचा भाऊ, मशिदीचे एक-दोन विश्वस्त, एखादे नगरसेवक, एखादे मौलाना. जिच्या संसाराचा प्रश्न आहे ती आतल्या खोलीत पडद्यामागे. तिला काही विचारायचं असेल तर भाऊ आत जातो, दोन मिनिटांत बाहेर येतो आणि सांगतो, ‘ती राजी आहे.’ आत काय बोलणं झालं, भावाने विचारलं की बजावलं, हे कुणालाच ठाऊक नसतं. नंतर सगळ्यांच्या देखत बाहेरूनच तिला एक नसीहत ऐकवली जाते, बेटी, सबर कर, घर ऐसे ही बसते. नवऱ्याला असली नसीहत ऐकवताना मी क्वचितच पाहिलं.

एका बैठकीची गोष्ट आठवते. कागद लिहून झाला होता. नांदायला कधी जायचं, कोण आणायला येणार, माहेरी किती दिवस राहायचं, सगळं ठरलं होतं. सह्या व्हायच्या आधी मी म्हटलं, एकदा आत वाचून दाखवू. मोठ्याने वाचलं. वाचून संपल्यावर पडद्यामागून एकच प्रश्न आला, “बच्चे की फीस का कुछ लिखे क्या?” बाहेर सगळे गप्प. मुलाची शाळेची फी दोन सत्रं थकली होती आणि खरं भांडण तिथूनच सुरू झालं होतं. तीन तासांच्या चर्चेत तो विषय एकदाही निघाला नव्हता, कारण ज्याला तो माहीत होता त्याला तो काढायचा नव्हता आणि जिला काढायचा होता तिला बोलायची जागा नव्हती. मग फीचं कलम घातलं गेलं.

परिणामकारक मध्यस्थी म्हणजे काय, याचं मला याहून सोपं उत्तर सापडलेलं नाही. ज्याचं दुखणं आहे तो खोलीत असला पाहिजे. तो नसेल तर आपण भलत्याच भांडणाचा निकाल लावतो, आणि खरं भांडण दोन महिन्यांनी पुन्हा दारात येतं.

सूरह निसाची रचना

कुरआनच्या सूरह निसामधली ३५ वी आयत आपल्या बहुतेक मौलानांना तोंडपाठ असते. नवरा-बायकोत फूट पडेल अशी भीती वाटली तर त्याच्या घरचा एक हकम आणि तिच्या घरचा एक हकम नेमा, असा तिचा आशय. दोघांना सुधारणा हवी असेल तर अल्लाह त्यांच्यात मेळ घडवील, असंही ती सांगते.

या रचनेकडे नीट पाहा. हकम दोन आहेत. एक त्याचा, एक तिचा. संख्या समान, दर्जा समान. सातव्या शतकातल्या अरबस्तानात, जिथे टोळीचा प्रमुख बोलेल तो कायदा होता, तिथे बाईच्या बाजूने बोलणारा स्वतंत्र माणूस नेमायला सांगणं ही लहान गोष्ट नाही. फिकहच्या पंथांमध्ये हकमच्या अधिकारावरून मतभेद आहेत. मालिकी मत त्यांना वेगळं करण्याचाही अधिकार देतं. भारतातले बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी पंथाचे आहेत, तो मात्र म्हणतो की पक्षकारांनी अधिकार दिल्याशिवाय हकम त्यांना विभक्त करू शकत नाहीत. म्हणजे आपल्याच फिकहमध्ये संमतीला इतकं वजन आहे.

आता आपल्या बैठकीतल्या दहा-बारा पुरुषांत तिचा हकम कोण, हे शोधून दाखवा. भाऊ? अनेकदा भावालाच बहीण परत जायला हवी असते, कारण घरात जागा नाही, पुढच्या बहिणीचं लग्न ठरायचं आहे, लोक काय म्हणतील याची धास्ती आहे. त्याला मी दोष देत नाही. पण ज्याचा स्वतःचा हिशेब निकालात गुंतला आहे, तो तिचा हकम होऊ शकत नाही.

ही आयत आपल्या न्यायालयांनीही गंभीरपणे घेतली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात पूर्णपीठाने मे २००२ मध्ये निकाल दिला. तलाक दिला असं नवऱ्याने नुसतं म्हणून भागणार नाही, त्यासाठी सबळ कारण होतं, दोन्हीकडच्या मध्यस्थांमार्फत मेळ घडवण्याचा प्रयत्न झाला होता आणि तो फसला, हे त्याला पुराव्याने दाखवावं लागेल, असा त्याचा गाभा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात हीच भूमिका घेतली. तिहेरी तलाकवरचा शायरा बानो निकाल ऑगस्ट २०१७ चा. त्याच्या पंधरा वर्षं आधी, मराठवाड्यातल्या एका खटल्यातून, मध्यस्थीशिवाय तलाक नाही हे कायद्याने मांडलं गेलं होतं. टीव्हीवरच्या चर्चांत याची आठवण कुणी काढली नाही. आपणही काढली नाही.

‘हा हुकूम आहे का?’

पण हकम नेमले म्हणजे सगळं झालं असं नाही. मध्यस्थाने कसं वागावं, याचा धडा मला हदीसमधल्या एका छोट्या प्रसंगात दिसतो. बुखारीत तो आहे.

बरीरा ही गुलाम बाई. हजरत आयेशा (र.) यांनी तिला मुक्त केलं. तिचा नवरा मुगीस गुलामच होता. मुक्त झाल्यावर तिला त्याच्यासोबत राहायचं की नाही हे निवडण्याचा हक्क मिळाला आणि तिने वेगळं व्हायचं ठरवलं. मुगीसचं तिच्यावर प्रेम होतं. तो मदीनेच्या गल्ल्यांतून तिच्या मागे रडत फिरायचा, दाढी आसवांनी भिजलेली असायची. पैगंबर मुहम्मद (स.) यांना त्याची दया आली. त्यांनी बरीराला सुचवलं की तू त्याच्याकडे परत गेलीस तर बरं. तिने विचारलं, हा तुमचा हुकूम आहे का? ते म्हणाले की नाही, मी फक्त शिफारस करतो आहे. तिने सांगितलं, मग मला त्याची गरज नाही.

आणि विषय संपला. तिला कुणी बेअदब म्हटलं नाही, बिरादरीबाहेर काढलं नाही, तिच्या ईमानावर शंका घेतली नाही.

जरा विचार करा, समोर कोण होतं. ज्यांचा शब्द अवघी मदीना मानत होती, ते अल्लाहचे रसूल एका कालपर्यंत गुलाम असलेल्या बाईपुढे मध्यस्थ म्हणून उभे राहिले, तेव्हा त्यांनी आपला अधिकार बाजूला ठेवला. मी सुचवतो आहे, हुकूम देत नाही, हा फरक तिच्या एका प्रश्नावर त्यांनी स्पष्ट केला. आणि तिला तो प्रश्न विचारण्याची हिंमत झाली, हे त्या समाजाबद्दलही काही सांगून जातं. आज आपल्या एखाद्या सदरसाहेबांना किंवा मौलानांना मोहल्ल्यातली बाई असं विचारू शकेल का, की हा तुमचा हुकूम आहे की सल्ला?

२०२३ चा मध्यस्थता कायदा हेच कायद्याच्या भाषेत सांगतो. मध्यस्थाने पक्षकारांना स्पष्ट कल्पना द्यायची असते की तो फक्त निर्णयापर्यंत पोहोचायला मदत करतो, कोणताही तोडगा लादणार नाही आणि तोडगा निघेलच अशी हमीही देणार नाही. प्रक्रिया नकोशी झाली तर लेखी कळवून बाहेर पडण्याची सोय कायद्यात आहे.

मारहाण असेल तर

इथे एक रेघ ठळक ओढायला हवी. जिथे मारहाण आहे, तिथे दोघांना समोरासमोर बसवणं ही मध्यस्थी नाही. रात्री ज्याच्यासोबत एकाच घरात परत जायचं आहे, त्याच्यासमोर बाई खरं काय सांगणार? ती ‘राजी’ होईल, कारण नाराजीची किंमत तिला माहीत आहे. ‘दोघांचीही थोडी थोडी चूक’ हे वाक्य अशा बैठकीत फार आवडीने वापरलं जातं. तोंडावरच्या वळांची वाटणी अर्धी-अर्धी कशी करायची, हे मला अजून कळलेलं नाही.

मध्यस्थीत झालेलं बोलणं गुप्त ठेवायचं, हा नव्या कायद्याचा कणा आहे. तरीही घरगुती हिंसा आणि बालकांवरचा अत्याचार यांच्या माहितीला हे गुप्ततेचं कवच त्याने दिलेलं नाही. ‘घर की बात घर में’ म्हणणाऱ्यांनी ही तरतूद वाचून पाहावी. मुंबईत १९८४ पासून टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने पोलीस यंत्रणेच्या आत महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष चालत आला आहे. तिथल्या समाजसेविका नवऱ्याशी बोलतात, पण आधी मारहाण थांबवण्यावर. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी हात थांबला पाहिजे, मग बोलणी.

पंच कोणाचा?

मध्यस्थाची नैतिकता म्हटलं की आपण त्याचा नमाज-रोजा पाहतो. तेवढ्याने भागत नाही. त्याचा या प्रकरणात काही हितसंबंध आहे का, त्याने आधीच मत बनवलं आहे का, हेही पाहावं लागतं.

देशाने याचं एक मोठं उदाहरण पाहिलं आहे. अयोध्येच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २०१९ रोजी तिघांची मध्यस्थ समिती नेमली. निवृत्त न्यायमूर्ती कलीफुल्ला, ज्येष्ठ वकील श्रीराम पंचू आणि श्री श्री रविशंकर. रविशंकर यांनी या वादावर आधीच जाहीरपणे मतं मांडली होती, म्हणून त्यांच्या नावावर आक्षेप घेतला गेला. मध्यस्थी फळाला आली नाही, ऑगस्टपासून रोज सुनावणी झाली आणि नोव्हेंबरमध्ये निकाल आला. मध्यस्थी फसायला अनेक कारणं असतील. पण आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा मला तेव्हाही रास्त वाटला होता आणि आजही वाटतो. ज्याने आधीच कौल दिला आहे, त्याने पंच म्हणून बसू नये.

हाच नियम आता घरी आणा. नवऱ्याला ज्याने दुकान भाड्याने दिलं आहे, ज्याला पुढच्या निवडणुकीत त्या घरची मतं हवी आहेत, ज्याने हे लग्न जुळवलं होतं, जो त्या घरचा देणेकरी आहे, त्याने पंच होऊ नये. संबंध असेल तर बैठकीआधी सगळ्यांना सांगावं. नव्या कायद्यानेही हितसंबंध उघड करणं मध्यस्थावर बंधनकारक केलं आहे. अयोध्येत आपण जे मागितलं, ते आपल्या सुनांना नाकारायचं कसं?

सगळ्यांना जागा

बायका बैठकीत बसणं आपल्या रीतीत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी हुदैबियाची आठवण करून देतो. हिजरी ६ मध्ये, म्हणजे इसवी सन ६२८ मध्ये, मक्केच्या कुरैशांशी तह झाला. तहाच्या अटी सहाबांना अपमानास्पद वाटल्या. पैगंबरांनी कुर्बानी करून डोकी मुंडवायला सांगितलं तरी कुणी जागचं हलेना. त्या पेचात सल्ला दिला तो हजरत उम्मे सलमा (र.) यांनी. कुणाशी काही न बोलता तुम्ही स्वतः बाहेर जाऊन कुर्बानी करा आणि केस उतरवा, मग बाकीचे करतील. तसंच झालं. इस्लामच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला तह एका बाईच्या शहाणपणामुळे पार पडला. तिला जर आतल्या खोलीत बसवून ‘ती राजी आहे’ एवढंच कळवलं असतं तर?

आपल्याकडेही असे प्रयत्न झालेले आहेत. मुंबईत आवाज-ए-निस्वाँ ऐंशीच्या दशकापासून मुस्लिम बायकांच्या तक्रारी ऐकत आली आहे. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने बायकांना काझीचं प्रशिक्षण दिलं. तामिळनाडूत पुदुकोट्टईच्या शरीफा खानम यांनी तर बायकांची वेगळी जमातच उभी केली, कारण पुरुषांच्या जमातीत बाईला शिरायलाच मिळत नव्हतं. या सगळ्यांशी प्रत्येक बाबतीत सहमत व्हायची गरज नाही. पण त्यांच्याकडे बायका का गेल्या, याचं उत्तर जमातींनी स्वतःला द्यायला हवं.

हे फक्त घरगुती भांडणांपुरतं नाही. भिवंडीत मे १९८४ मध्ये भीषण दंगल झाली. नंतरच्या काळात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या बांधल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि स्थानिक पोलीस नियमित भेटायला लागले, गल्लीतल्या लहानसहान तक्रारी एकत्र सोडवायला लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. भांडण पेटायच्या आधीच जिथे सगळ्यांना बसायची सवय असते, तिथे पेटल्यावरही बोलणं होऊ शकतं. मोठमोठे नेते ऐनवेळी आणून बसवल्याने ते होत नाही.

कायद्याची चौकट

जमातीला किंवा दारुल कझाला अधिकार किती, याबद्दलही भ्रम आहेत. विश्व लोचन मदन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये सांगितलं की दारुल कझा हे न्यायालय नाही, फतवा कुणावर बंधनकारक नाही आणि तो जबरदस्तीने लागू करता येणार नाही. त्याच वेळी न्यायालयाने दारुल कझांवर बंदी घालायला नकार दिला. स्वखुशीने कुणी गेलं तर जावं. मला हा समतोल योग्य वाटतो.

न ऐकणाऱ्याला वाळीत टाकायचं, मय्यतीला खांदा द्यायचा नाही, कब्रस्तानात जागा नाही, अशा धमक्या देणाऱ्यांनी महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा लक्षात ठेवावा. तो सर्व धर्मांच्या, सर्व जातींच्या पंचायतींना लागू आहे आणि त्यात तुरुंगवासाची शिक्षा आहे.

२०२३ च्या कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं एक प्रकरण आहे. परिसराची किंवा कुटुंबांची शांतता बिघडवू शकणारा वाद, दोन्ही बाजूंच्या आगाऊ संमतीने, तीन मध्यस्थांपुढे ठेवता येईल, आणि मध्यस्थांची यादी करताना बायकांना व इतर घटकांना प्रतिनिधित्व देण्याचा विचार व्हावा, असं त्यात म्हटलं आहे. कायद्याची काही कलमं ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, हे प्रकरण त्या पहिल्या टप्प्यात नव्हतं. शिवाय अशा सामुदायिक समझोत्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ नसेल, असंही कायदाच सांगतो. म्हणून पोटगी, मेहर, मुलांचा ताबा यांसारख्या गोष्टी ठरल्या असतील तर स्टॅम्प पेपरवर पाच सह्या घेऊन थांबू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत किंवा कौटुंबिक न्यायालयातून त्या पक्क्या कराव्यात. बायकांना ही विधी सेवा मोफत आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आक्षेप आणि काही सूचना

दोन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात. पहिला, सध्याच्या वातावरणात आपल्या उणिवा चव्हाट्यावर कशाला मांडायच्या? विरोधकांच्या हाती कोलीत मिळतं. ही भीती खोटी नाही. मुस्लिम बाईच्या अश्रूंवर राजकारण करणारे या देशात आहेत. पण त्यांच्या हाती कोलीत देतो तो प्रश्न मांडणारा, की बाईला न ऐकता फैसला करणारा? जमातीत न्याय मिळाला तर बाई कॅमेऱ्यासमोर का जाईल?

दुसरा आक्षेप, जात पंचायती काय कमी आहेत, आपल्यावरच बोट का? कमी नाहीत. तंटामुक्त गाव मोहिमेतल्या समित्यांना आणि गावकीच्या बैठकांनाही हेच सगळं लागू होतं. पण शेजाऱ्याचं छप्पर गळतं म्हणून आपलं शाकारायचं थांबवत नाहीत.

मशिदींच्या विश्वस्तांना, बिरादरीच्या प्रमुखांना माझ्या काही साध्या सूचना आहेत. यांना पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही.

पहिली, बैठकीआधी एखाद्या जाणत्या बाईने तिच्याशी एकटीशी बोलावं. सासर-माहेरचं कुणी तिथे नको. मारहाण आहे का, हा पहिला प्रश्न. उत्तर हो असेल तर बैठक रद्द, आणि तिला दवाखाना, पोलीस किंवा संरक्षण अधिकारी यांच्यापर्यंत पोहोचवायची जबाबदारी जमातीची.

दुसरी, तिचा हकम तिने निवडावा. तो मामू असेल, खाला असेल, शाळेतल्या मॅडम असतील किंवा वकील असेल. आणि ती स्वतः खोलीत बसेल. पडदा करायचा तर तिने तिच्या मर्जीने करावा, तिचा आवाज मात्र पडद्यामागे अडकू नये.

तिसरी, मेहर आणि मुलांचा खर्च यांच्यावर घासाघीस बंद. नवऱ्यालाच वेगळं व्हायचं असतं, पण तलाक दिला तर मेहर द्यावी लागेल म्हणून बायकोला खुला मागायला भाग पाडलं जातं आणि ‘मेहर माफ’ असं कागदावर येतं. ज्या पंचांना हे दिसतं आणि जे तरीही सही करतात, त्यांना आपण काय केलं ते ठाऊक असतं. मुलांची पोटगी तर आईलाही सोडून देता येत नाही, तो मुलांचा हक्क आहे.

चौथी, कागद तिला समजेल अशा भाषेत लिहावा, मोठ्याने वाचावा, एक प्रत तिच्या हातात द्यावी आणि सहीसाठी तिला तीन दिवस द्यावेत. रात्री अकराला थकलेल्या बाईकडून घेतलेली सही संमती नसते. या कागदात ‘यापुढे कुठेही तक्रार करणार नाही’ हे वाक्य कधीही नको.

पाचवी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी कुणीतरी विचारपूस करावी. आपल्याकडे सह्या झाल्या, चहा झाला, दुआ झाली की पंच मोकळे होतात. बाईची परीक्षा त्यानंतर सुरू होते.

सूरह हुजुरातमध्ये सुलह करण्याचा आदेश आहे, आणि लगेच ती न्यायाने करा असंही बजावलं आहे. आपण पहिला भाग पाठ केला आणि दुसरा सोडून दिला. मोडलेला संसार सांधला गेला तर त्यासारखा आनंद नाही. पण काही संसार सन्मानाने, हक्क देऊन, मुलांची सोय लावून वेगळे होणं हीसुद्धा मध्यस्थीचीच फलश्रुती असते. पुढच्या वेळी तुमच्या मोहल्ल्यात बैठक ठरेल, तेव्हा कुणीतरी एवढंच म्हणावं की सुरू करण्याआधी तिला आत विचारू नका, बाहेर बोलवा. तिचं ऐकून घ्या, आणि ती नाही म्हणाली तर तिला सुखरूप घरी पोहोचवा.